घरच्यांसमोर न गायची गाणी

मी तापट आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी ऐकवलं आहे. माझे बहुतेक राग दोन दिवसांत उतरतातही. लंडनच्या कडेच्या पिनरमधल्या त्या शनिवारचा मात्र उतरला नाही. इतकी वर्षं झाली, तरी भांडी विसळताना मध्येच ती दुपार आठवते आणि हातातलं पातेलं जरा जास्तच जोरात ओट्यावर आदळतं. घरातले विचारतात, आता काय झालं? मी काही नाही म्हणते. सांगायला बसायचं तर इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या बसस्टॉपपासून सुरुवात करावी लागते.

दोन हजार सालानंतरच्या दशकातली ती मधली वर्षं. मी ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांच्यासमोर मांडायच्या, हे माझं काम, स्वभावाला अगदी साजेसं. एका सकाळी मी बसस्टॉपवर उभी राहून फोनवर लेटिंग एजंटशी, म्हणजे भाड्याच्या घराचं बघणाऱ्या माणसाशी, बॉयलरवरून भांडत होते. चार दिवस घरात गरम पाणी नव्हतं. इंग्रजीत 'आय अंडरस्टँड, बट' वगैरे सगळं सभ्यपणे झालं आणि फोन ठेवल्यावर मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा मराठीत उद्धार केला. इथे कोणाला काय कळणार, या भरवशावर. शेजारी केअर होमचा निळा युनिफॉर्म घातलेली एक बाई उभी होती. चेहऱ्यावरून ती नेपाळी असेल असं मी धरून चालले होते. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "ताई, कोनाले एवढ्या शिव्या देऊन राहिल्या सकाळी सकाळी?"

मी नागपूरची. इंग्लंडात येऊन तीन वर्षं झाली होती आणि तोवर ही भाषा मी तिथे कोणाच्याच तोंडून ऐकली नव्हती. माझ्या स्वतःच्याही नाही. आमच्या तिकडच्या छोट्या मराठी मंडळात बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची. पहिल्याच गणपतीत मी "काय करून राहिले तुम्ही लोक?" असं विचारलं तर एक बाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी सिनेमातल्यासारखं." त्यानंतर मी जपून बोलायला लागले. तोंडातून शब्द बाहेर पडण्याआधी त्याला इस्त्री करायची, अशी सवयच लागली. आणि आता बसस्टॉपवर एक परकी बाई बिनइस्त्रीचं बोलत होती.

ती तिबेटी होती. जन्म भंडाऱ्याकडच्या जंगलातल्या तिबेटी वसाहतीतला, नर्सिंग नागपूरला, आणि आता ब्रॅकनेलच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्या इंग्रजांना आंघोळ घालायची नोकरी. तिचे वडील वारले होते. मोठा भाऊ बर्मिंगहॅमला बस चालवायचा, आणि वडिलांच्या मागे आईला त्याने आपल्याकडे आणलं होतं. महिन्याभरात आम्ही ताई-तुम्ही सोडून एकमेकींना अगं-तूगं करायला लागलो. रविवारी ती माझ्याकडे यायची, मी झुणका करायची, आणि मग आम्ही दोघी मनसोक्त 'करून राहिलो, जाऊन राहिलो' करायचो.

तिच्या आईला आम्ही आमा म्हणायचो. तिबेटीत आईला आमाच म्हणतात. आमा अम्दोची, म्हणजे तिबेटच्या पार ईशान्येकडच्या टोकाची. याकच्या मागे कुरणं तुडवत वाढलेली आणि विशी गाठायच्या आत देश सोडून आलेली. नवरा मिळाला तो ल्हासाच्या बाजूचा. वसाहतीतल्या शेजारणींना आमाचं बोलणं अर्धं कळायचं नाही आणि जे कळायचं त्याला त्या हसायच्या. गुराख्यांची बोली म्हणायच्या. शाळेत मुलांना सगळ्यांची म्हणून जी तिबेटी शिकवली ती ल्हासाच्या वळणाची. देश गेलेला, सगळे विखुरलेले, निदान भाषा तरी एक असू दे, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. पण त्यात आमा हळूहळू घरातसुद्धा गप्प होत गेली.

एकदा मैत्रिणीने मला सांगितलं की तिबेटी लिहिताना शब्दाच्या पुढे-मागे बरीच अक्षरं येतात, जी वाचताना गिळायची असतात. शाळेत ती पाठ करताना तिचा जीव जायचा. मग एकदा तिच्या लक्षात आलं की त्यातली कितीतरी अक्षरं आई बोलताना चक्क म्हणते. "आमाले लिहिता-वाचता येत नाही," ती म्हणाली, "पन पोथीत जसं लिहिलं तसं तीच बोलते. हसनारे सगळे शिकलेले." हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्या आठवड्यात मंडळातल्या तीन जणांना मुद्दाम नागपुरीत फोन केले.

त्या वर्षी सप्टेंबरात आमाच्या घशात गाठ निघाली. बरेच दिवस आवाज बसलेला होता, तो थंडीने असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, त्याशिवाय इलाज नाही. जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, आणि तोवर कमीत कमी बोला, घशाला ताण देऊ नका, असं बजावलं.

हे सांगायला मैत्रीण माझ्याकडे आली तेव्हा कोटसुद्धा न काढता सोफ्यावर बसून राहिली. मग म्हणाली, "आमा गाते, तुले माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. तिलाही एकदाच ऐकून माहीत होतं. ती नऊ वर्षांची असताना आमा वसाहतीमागच्या जंगलात सरपण आणायला गेली होती आणि ही तिला शोधत मागून गेली. सागाच्या झाडांमध्ये आमा एकटीच उभी राहून गात होती, लांब, उंच आवाजात, समोर कोणी दूर डोंगरावर असल्यासारखी. ही झाडामागे थांबली आणि मग घाबरून पळत घरी आली. त्या गाण्यांना लायी म्हणतात. कुरणावर, डोंगरात गायची. एका बाजूने पोरींनी म्हणायचं, दुसऱ्या बाजूने पोरांनी जोडून उत्तर द्यायचं. प्रेमाची गाणी. आमाच्या खोऱ्यातली तिच्यासोबत निघालेली बाकीची माणसं केव्हाच गेली होती. मैत्रिणीच्या ओळखीत ती गाणी येणारी आमा शेवटची होती.

"तिचा आवाज जायच्या आधी ते कुठं तरी राहिलं पाहिजे," ती म्हणाली. "पन घरात नाही गानार ती. आमच्यासमोर लाजते. परक्या लोकांत गाईल."

मी म्हणाले, "अगं, लाजणारच. माझी आई नाही का, भजनी मंडळात आघाडीवर, पण घरी पाहुणे आले की तोंड उघडायची नाही. तू सोड माझ्यावर."

हे वाक्य मी बोलले. तू सोड माझ्यावर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईने असं म्हणावं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते पिनरला राहायचे, त्यांच्या ओळखीने एक कम्युनिटी हॉल मिळायचा आणि त्यांच्या जावयाकडे रेकॉर्डिंगची उत्तम यंत्रणा होती. मला हवा होता फक्त जावई आणि मागची एक शांत खोली. अध्यक्ष म्हणाले, "ओह, तिबेटन! फँटॅस्टिक! अगं, मग नुसतं रेकॉर्डिंग कशाला? व्हाय नॉट मेक इट अ प्रोग्रॅम? कौन्सिलच्या बाई केव्हापासून म्हणतायत, समथिंग मल्टिकल्चरल करा. आणि ते पितळी बाऊल्स वाजवतात ना, ते आणतील का त्या?"

बाऊल्स नाहीत म्हटल्यावर ते थोडे हिरमुसले. पण मी कार्यक्रमाला नाही म्हटलं नाही. परक्या लोकांत गाईल, असं मैत्रीण म्हणालीच होती. आणि खरं सांगायचं तर मला मंडळाला दाखवायचं होतं. ज्या बोलीला सगळे हसतात तिच्यात काय असतं, ते या इस्त्रीवाल्यांना एकदा ऐकू दे, असं माझ्या मनात होतं. आमाच्या गाठीवर मी माझा जुना हिशेब चुकता करायला निघाले होते, हे तेव्हा मला कळलं नाही.

त्यात आणखी एक शहाणपण केलं. म्हातारी लाजरी आहे, अनोळखी हॉल, अनोळखी चेहरे. समोर एखादं तरी आपलं माणूस दिसलं की धीर येईल. आपल्याकडे नाही का, पोरगी पहिल्यांदा स्टेजवर चढली की आई-बापाला पुढच्या रांगेत बसवतात. म्हणून मी मैत्रिणीला न सांगता तिच्या भावाला बर्मिंगहॅमला फोन केला. आमाचा गाण्याचा कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं, कोणती गाणी ते नाही, आणि ट्रेनची तिकिटं पाठवते म्हटलं. तो तसा कमी बोलणारा. म्हणाला, "तिकीट नको, मीच घेऊन येतो तिला गाडीने. पण ताई, पोस्टरवर अम्दो-बिम्दो लिहू नका. आम्ही आधी तिबेटी. प्रांत-प्रांत करूनच आमचं वाटोळं झालं." मला राग आला, पण तो मी गिळला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवली, वर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

शनिवार उजाडला. मैत्रिणीची सकाळची शिफ्ट होती, ती दुपारी परस्पर पिनरला येणार होती. आमा आली ती ठेवणीतला चुपा, म्हणजे तिबेटी झगा घालून, आणि पुढे पांगदेन, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं एप्रन बांधून. माझा हात हातात घेऊन तिने नागपूरला हिवाळ्यात स्वेटर विकताना शिकलेल्या हिंदीत विचारलं, "सब बाहर का आदमी है ना?" मी म्हटलं, "हो आमा, सगळे बाहेरचे. घाबरू नका." मुलाने तिला दारात सोडलं होतं आणि तो गाडी पार्क करायला गेला होता. मला वाटलं, आत आल्यावर त्याला पाहून ती खूश होईल.

आधी अध्यक्षांचं भाषण झालं. हॉल बऱ्यापैकी भरलेला, कौन्सिलच्या बाई पुढे. अध्यक्ष म्हणाले की तिबेटी ही मूळची आपलीच. त्यांच्या राजाने एक मंत्री भारतात धाडला, तो इथून अक्षरं घेऊन गेला, म्हणजे ती भाषा संस्कृतचीच लेक, आणि म्हणून आज आपण लेकीचं माहेरपण करतोय. टाळ्या झाल्या. मी साउंडच्या टेबलाशी उभी होते, माझं डोकं तापायला तिथेच सुरुवात झाली. लिपी इथून गेली हे मैत्रिणीलाही शाळेत शिकवलेलं होतं. पण अक्षरं नेली म्हणून भाषा आपली कशी झाली? तिबेटी तर ब्रह्मदेशातल्या बर्मी भाषेच्या गोतातली. अध्यक्षांचा सूट इंग्रज शिंप्याने शिवला म्हणून ते काही इंग्रज झाले नव्हते. कोणाचीही कुठलीही गोष्ट आली की ती आधी आपलीच होती, हे ठरवल्याशिवाय आमच्या लोकांना टाळी वाजवता येत नाही. जावई माझ्या शेजारी हळूच म्हणाला, "ताई, ब्रीद." मी श्वास घेतला.

मग आमा स्टेजवर आली. माइकसमोर उभी राहिली, हॉलभर नजर फिरवली, छान हसली. डोळे मिटले, एक हात कानाजवळ नेला. जावयाने रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि त्याच वेळी मागच्या दारातून तिचा मुलगा आत आला. मीच त्याला हाताने खुणा करून पुढे नेलं, त्याच्या चिठ्ठीच्या खुर्चीवर बसवलं.

आमाने डोळे उघडले तेव्हा तो तिच्यासमोर दहा फुटांवर होता.

तिचा हात खाली आला. ती गायली नाही. अर्धा मिनिट, एक मिनिट. लोक चुळबुळायला लागले. मी साउंडच्या टेबलावरून तिला खूण करत होते, गा, गा, म्हणून. हसून, मान हलवून, धीर देत. लहान मुलीला देतात तसा. आमाचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती चपलांकडे बघत होती. मुलगाही मान खाली घालून बसला होता. मग तो उठला आणि तिबेटीत मोठ्याने दोन वाक्यं बोलला. आमाने मान हलवली आणि एक गाणं सुरू केलं. वसाहतीतल्या शाळेत समारंभाला सगळी पोरं म्हणायची ते, सगळ्यांचं गाणं. ते तिच्या बोलीतलं नव्हतं. शब्द चाचपडत, बसक्या आवाजात म्हणत होती. मला वाटलं, झालं, याने घातलाच शेवटी आपला 'आम्ही आधी तिबेटी'. त्याच्या पाठीकडे मी ज्या नजरेने पाहत होते त्या नजरेने त्याचं जॅकेट पेटायला हवं होतं.

लोकांना ते गाणं आवडलं. सोपी चाल, टाळ्या धरता आल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, "वन्स मोर!" आमाने ते पुन्हा म्हटलं. कौन्सिलच्या बाई उशिरा आलेल्या कोणालातरी घेऊन आल्या, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. मी थांबवायला हवं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते त्या हॉलमध्ये तीन माणसांना माहीत होतं आणि त्यातली एक मी होते. पण मी रागात होते, आणि माझा राग त्या मुलावर चालू होता. तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीला आमाचा आवाज फाटला आणि ती खोकत खाली बसली. टाळ्या कडकडून झाल्या.

मैत्रीण हॉलच्या बाहेर कार पार्कमध्ये उभी होती. बराच वेळ झाला होता तिला येऊन. आत का आली नाहीस, असं विचारत मी तिच्या अंगावर गेले. "तुझ्या भावाने सगळं घाण केलं," मी म्हणाले.

"दादा आत आहे?" ती म्हणाली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "दादाले कोनं बोलावलं?"

"मी. तिला धीर यावा म्हणून."

 मग तिने सांगितलं, फार हळू आवाजात, आणि ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. लायी आई मुलासमोर गात नाही. बहीण भावासमोर गात नाही. गायची तर नाहीच, पण घरातल्या माणसांनी ती एकत्र बसून ऐकायचीसुद्धा नाही. कोणी अशी चूक केली तर लोक उठून जातात, जन्मभर तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून ती स्वतः बाहेर थांबली होती. "मी तुले सांगितलं होतं. आमच्यासमोर लाजते म्हणून. तू हो म्हनाली."

"मला वाटलं लाजते म्हणजे... आणि मग त्याने उठून दुसरं गाणं का गायला लावलं?"

"तिले वाचवलं त्यानं. तो उठून बाहेर गेला असता तर सगळ्यांले दिसलं असतं. बसून राहिला असता तर ती तशीच उभी राहिली असती." ती आत गेली आणि आईला धरून घेऊन आली. आमा माझ्याजवळून जाताना हसली, माझ्या गालाला हात लावला आणि खोकली. त्या हसण्याचा मला जितका राग आला तितका अध्यक्षांचाही आला नाही. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिच्या बोलीत त्या शिव्यांतही सगळी अक्षरं ऐकू आली असती.

ऑपरेशन बुधवारी होतं. मी त्या शनिवारी रात्रीच बर्मिंगहॅमला जाऊन एका ओळखीच्या बाईकडे थांबले आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, जावयाकडून हात जोडून आणलेला छोटा रेकॉर्डर घेऊन. दार भावाने उघडलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "वर हवा फार आहे. तिला माझं जाड जॅकेट घाला." कुठे वर, ते मी सांगितलंही नव्हतं. त्याला सगळं कळलेलं होतं आणि त्यावर त्याला एक शब्दही बोलायचा नव्हता.

शहराच्या दक्षिणेला टेकड्या आहेत. मैत्रीण आदल्या रात्री आईबरोबरच आली होती; तिने गाडी खालच्या कार पार्कमध्ये उभी केली, काचा वर केल्या आणि रेडिओ मोठ्याने लावला. ती गाडीतून उतरली नाही. मी आमाचा हात धरून वर गेले. एका बाकापाशी पोहोचल्यावर आमाने खाली पाहिलं. गाडी छोटीशी दिसत होती. तिने खात्री करून घेतली की ती बंद आहे. मग मला विचारलं, "तू नहीं समझती ना?" मी म्हटलं, "नाही आमा, एक शब्द नाही." ती म्हणाली, "अच्छा है."

आणि ती गायली. चाळीसेक मिनिटं. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण तो आवाज एकेकाळी केवढा असेल, ते मधूनमधून कळत होतं. एखादी ओळ उंच जाऊन सुटायची, दरीपलीकडे पोहोचायची, मग मध्येच भेगाळायची, की आमा थांबून थुंकी गिळायची, घसा दाबून धरायची आणि पुढची ओळ घ्यायची. कधी पोरीची बाजू, कधी पोराची. कोणाला उत्तरं देत होती, कोण जाणे. मैत्रिणीचे वडील तर अम्दोचे नव्हते. मी रेकॉर्डर वाऱ्यापासून वाचवायला माझ्या स्कार्फमध्ये धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की काल तीन वेळा ते शाळेचं गाणं म्हटलं नसतं तर आज यातलं किती शाबूत आलं असतं. शेवटी आवाज उमटेचना. आमाने हाताने खूण केली, बस.

बुधवारी ऑपरेशन झालं. नीट झालं.

दहा-बारा दिवसांनी मी वॉर्डात भेटायला गेले. आमा उशीला टेकून बसली होती, गळ्यात मधोमध श्वासाची नळी. भाऊ आणि मैत्रीण खाली कॅन्टीनला गेल्याबरोबर आमाने माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. मी रेकॉर्डर काढला, तिच्या कानांना इअरफोन लावले. ती ऐकायला लागली. ओठ हलत होते, बोटं पांघरुणावर ठेका धरत होती. मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, चला, निदान हे तरी झालं.

मग तिचं बोट थांबलं. तिने माझं मनगट धरलं, मागे घे अशी खूण केली. मी मागे घेतलं. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा तिने मान हलवली. नाही. पुन्हा मागे. नाही. ती तोंड उघडून काहीतरी म्हणत होती, एका ओळीचे शब्द असावेत, एकामागून एक, स्पष्ट, आणि आवाज नव्हता. नळीतून नुसती हवा येत होती. तिथे तिचं चुकलं होतं. टेकडीवर घसा दाबून धरताना एक ओळ चुकीची पडली होती किंवा गळली होती, आणि बरोबर काय ते फक्त तिला माहीत होतं.

न बोलता येणाऱ्या पेशंटसाठी नर्सने पलंगाशी एक पांढरी पाटी आणि पेन ठेवलं होतं. मी मूर्खासारखं ते तिच्यापुढे केलं. आमाने पेन हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून तिने ती ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, मी तरी ती धरीन म्हणून. मी तिच्या ओठांकडे बघत होते. मला एक शब्द समजत नव्हता. ज्यांना समजला असता ती तिची दोन्ही मुलं जिना चढून येत होती, त्यांचे आवाज ऐकू यायला लागले, आणि आमाने घाईघाईने इअरफोन काढून माझ्या पर्समध्ये कोंबले.